गवताळ रान मोडून झाडं लावली की मातीतला कार्बन वाढतो, हे सरसकट खरं नाही

मातीवेडा: मोकळं गवताळ रान दिसलं की 'इथं झाडं लावा, कार्बन साठेल' हे आता थांबायला हवं. जगभरच्या मातीत वरच्या एका मीटरमध्येच सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, हवेतला आणि झाडाझुडपांतला मिळूनही तेवढा होत नाही. गवताची मुळं मरतात, तिथंच कुजतात आणि त्यातलं थोडं चिकणमातीच्या कणांना धरून वर्षानुवर्षं टिकतं. झाडांसाठी जमीन उकरली की आधी हाच साठा हलतो.

रानवाट: नाही पटलं. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गव्हाच्या शेताचा एक तुकडा १८८२ साली तसाच सोडून दिला, तिथं झाडी माजली आणि मातीतला कार्बन वाढतच गेला. मग?

मातीवेडा: अहो ते शेत होतं, तेच तर म्हणतोय! वर्षानुवर्षं पेरून रिकामी झालेली माती, तिथं कायमचं काहीही उगवू दिलं तरी भरच पडणार. पडीक शेतात झाडं खुशाल लावा, चांगलं गवत मोडून नको.

नांगरवाला: म्हणजे सगळं खापर शेतीवर? त्याच रोथॅमस्टेडच्या गव्हाच्या प्रयोगात १८४३ पासून दरवर्षी शेणखत घातलेला प्लॉट आहे, नांगरट होऊनही तिथं बिनखताच्या प्लॉटच्या दुपटीहून जास्त कार्बन आहे. खत घाला, भांडता कशाला.

मातीवेडा: ते शेणखत दुसऱ्या कुठल्यातरी जमिनीतल्या चाऱ्याचंच ना, तो कार्बन तिथून उचलून इथं आणलाय. आणि नांगराचं म्हणाल तर गवताखालचं एक ढेकूळ आणि सारख्या नांगरलेल्या शेतातलं एक, दोन्ही वाळवून पाण्यात सोडून बघा, पहिलं बराच वेळ आकार धरून राहतं, दुसरं बघता बघता विरघळतं. मुळं आणि बुरशीच्या तंतूंनी बांधलेल्या त्या ढेकळाच्या आत हवा आणि जिवाणू सहज पोचत नाहीत म्हणून कार्बन टिकतो, नांगर तेच फोडतो आणि मग जिवाणू आतलं खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात.

नांगरवाला: मग नांगरट बंद केली की प्रश्न मिटला असंही नाही ना, बिननांगरटीत कार्बन वरच्या थरात गोळा होतो, खालच्या थरात कधीकधी कमीच भरतो.

रानवाट: माझंही तेच. वरचे ३० सेंटिमीटर मोजून गवत जिंकलं म्हणू नका, झाडांची मुळं त्याच्या खाली जातात. मीटरभर खोल नमुने घ्या, लागवडीआधी आणि नंतर, त्याच जागचे. तोवर मी झाडांच्या बाजूनंच बोलणार.