मदत हवी आहे: पहिलं महायुद्ध का झालं, हे नववीतल्या मुलीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी, माझी मुलगी नववीत आहे आणि सध्या पहिल्या महायुद्धाच्या मागे लागलीये. पुस्तकात लष्करवाद, साम्राज्यवाद, गुप्त करार, राष्ट्रवाद अशी कारणं आहेत, ती तिला पाठ आहेत, पण ती विचारते की बोस्नियातल्या साराजेवोत २८ जून १९१४ ला एका १९ वर्षांच्या पोराने ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली तर त्यासाठी जर्मनीने बेल्जियममध्ये का घुसायचं? प्रश्न अगदी रास्त आहे!

मी तिला तारखा लावून दाखवल्या, म्हणजे २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं, मग रशियाने सैन्य जमवायला घेतलं, १ ऑगस्टला जर्मनी रशियाविरुद्ध, ३ ला फ्रान्सविरुद्ध आणि ४ ला ब्रिटन उतरलं. जर्मनीचा प्लॅनच असा होता की आधी बेल्जियममार्गे फ्रान्सला झटपट हरवायचं आणि मग रशियाकडे वळायचं, हे तिला पटलं. पण बाल्कनचं (आग्नेय युरोपातलं) प्रकरण, म्हणजे १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, मग १९१२-१३ ची युद्धं, ते मला नीट सांगता येत नाही आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

कोणी इतिहास शिकवत असेल तर प्लीज सांगा, बाल्कनपासून सुरुवात करू की जर्मनी-ब्रिटनच्या आरमारी चढाओढीपासून? १९१४ चा युरोपचा मराठीत नावं असलेला नकाशा कुठे मिळेल? आणि दोष कोणाचा, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही, हे या वयात सांगावं का?