चियांग माईत साधं मुस्लिम हॉटेल : बीफ-पोर्क न खाणाऱ्यांनी काय मागवायचं?

रानपाखरू :
डिसेंबरमध्ये चियांग माईला जातोय, मी, नवरा आणि सासूबाई. चिकन, मासे, अंडी सगळं चालतं पण पोर्क आणि बीफ अजिबात नाही. थायलंडमध्ये पोर्क कशातही असतं, सूपच्या पाण्यातसुद्धा, असं सगळेच सांगतात म्हणून वाटलं की मुस्लिम हॉटेलात गेलं तर निदान ती एक काळजी मिटेल. पण मग तिथे बीफ असणारच ना? आणि आम्ही मुस्लिम नाही, डोक्यावर पदर वगैरे घ्यावा लागतो का? बजेट कमी आहे, फॅन्सी काही नको, पोटभर आणि स्वच्छ मिळालं की झालं.

डोंगरवाट :
बिनधास्त जा. नाईट बझार आणि पिंग नदीच्या मधे चारोएन प्रथेत रोडची सोय 1 म्हणून गल्ली आहे, तिथे बान हो मशीद आहे आणि तिच्या आसपास सगळी हलाल हॉटेलं. इथले मुस्लिम मूळचे चीनच्या युनान प्रांतातले, पूर्वी खेचरांचे काफिले घेऊन व्यापाराला यायचे आणि मग इथेच राहिले, त्यामुळे जेवणात चिनी, बर्मी, थाई सगळंच मिसळलेलं आहे आणि माझ्या मते चियांग माईत खायची ही सगळ्यात चांगली जागा आहे. खाओ सोय इथे खायचाच. नारळाच्या दुधातला करीचा रस्सा, त्यात अंड्याच्या नूडल्स, वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, आणि बाजूला छोट्या बशीत मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कच्चे छोटे कांदे आणि लिंबू. ते लिंबू आणि लोणचं आत घालायचंच, नुसता रस्सा थोड्या वेळाने जड होतो. गल्लीत 'खाओ सोय इस्लाम' नावाचं जुनं हॉटेल आहे, साधी टेबलं, पटापट येतं. अशा ठिकाणी एक वाटी साधारण 60 ते 90 बाथला पडते, वाटी फार मोठी नसते पण, नवऱ्याला दोन लागतील.

शुक्रवारी सकाळी तिथेच मशिदीसमोर बाजार भरतो, डोंगरातली माणसं भाजी, लोणची, चहा घेऊन येतात, खायचे स्टॉल पण असतात. दुपारपर्यंत आवरतात, लवकर जा.

मीठभाकर :
बीफचं नीट सांगते कारण आमच्या घरी पण हाच नियम आहे. मेनूवर 'गाई' दिसलं की घाबरू नका, ते चिकन. बीफला 'नुआ' म्हणतात, तो शब्द मात्र लक्षात ठेवा. खाओ सोय चिकनचा मिळतो पण काही ठिकाणी रस्सा एकाच पातेल्यातला असू शकतो आणि मांस फक्त वरून घालतात, तेव्हा सासूबाई कडक असतील तर आधी विचारा आणि खात्री नाही पटली तर खाओ मोक गाई घ्या. हळदीचा पिवळा भात, त्यात चिकनचा मोठा पीस, वर तळलेला कांदा, सोबत काकडी आणि पुदिना-कोथिंबिरीची आंबटगोड हिरवी चटणी. तिखट नसतो त्यामुळे वयस्कर माणसांना बरा पडतो. हा दुपारी संपतो कुठे कुठे, जेवायला उशीर करू नका.

पदर वगैरे काही नाही. मशिदीच्या आत जाणार असाल तरच अंग झाकणारे कपडे. दारू मात्र बाहेरूनही आणायची नाही. हॉटेल ओळखायला हिरव्या पाटीवर चंद्रकोर बघा, किंवा हलालचा, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा शिक्का. बिल खाऊन झाल्यावर, सुट्टे पैसे जवळ ठेवा.

रानपाखरू :
केवढी माहिती, खूप आभार दोघांचे! अजून एक, सासूबाई गुरुवारी नॉनव्हेज खात नाहीत, अंडंही नाही. त्या दिवशी याच गल्लीत काही जमेल का?

मीठभाकर :
खरं सांगू का, गुरुवारी तिथे नका जाऊ. हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे, भाज्यांतही फिश सॉस पडतो आणि केळ्याच्या रोटीत बहुतेक वेळा अंडं फोडतात. 'माई साई खाई' म्हणजे अंडं नको, असं सांगितलं तर रोटी बिनअंड्याची करून देतील, पण जेवण म्हणून ते पुरणार नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेली 'जे' हॉटेलं शोधा, तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, कांदा-लसूणसुद्धा नाही. भाताच्या ताटावर दोन-तीन भाज्या बोट दाखवून घ्यायच्या, स्वस्त पडतं.

डोंगरवाट :
+1. आणि 'जे' हॉटेलात तपकिरी तुकडे मांसासारखे दिसतात, ते सोया नाहीतर गव्हाचे असतात, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा नाहीतर ताट पुढे आल्यावर त्या हात लावणार नाहीत.