'मशीन हेड'ची सात गाणी: तुमचा क्रम आणि त्यामागचा अनुभव

डीप पर्पल या इंग्लिश बँडचा 'मशीन हेड' हा अल्बम मार्च १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गाणी सातच आहेत. पहिल्या बाजूला 'हायवे स्टार', 'मेबी आय'म अ लिओ', 'पिक्चर्स ऑफ होम' आणि 'नेव्हर बिफोर', तर दुसऱ्या बाजूला 'स्मोक ऑन द वॉटर', 'लेझी' आणि 'स्पेस ट्रकिन'. नुसते आकडे लिहून क्रम लावणे सोपे आहे, परंतु या धाग्यात ते नको. एखादे गाणे कुठे, कशावर आणि कोणाच्या संगतीत ऐकले किंवा वाजवले म्हणून त्याला तुमच्याकडे वरची अथवा खालची जागा मिळाली, ते लिहावे. सातही गाण्यांना क्रमांक देण्याचे बंधन नाही.

सुरुवात मी करतो. माझा क्रम साठ मिनिटांच्या कॅसेटने ठरवला. मित्राच्या मोठ्या भावाने हा अल्बम कॅसेटच्या एका बाजूवर भरून दिला होता. एका बाजूला तीस मिनिटे मावतात आणि अल्बम अडतीस मिनिटांचा आहे, हा हिशेब त्याने केला नव्हता. त्यामुळे 'लेझी' मध्येच तुटत असे. त्या गाण्यात ऑर्गन आणि गिटार यांची चार मिनिटांहून अधिक जुगलबंदी झाल्यावर इयन गिलन गायला लागतो, आणि नेमकी तिथेच टेप संपत असे. ते केवळ वाद्यांचे वादन आहे, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. पुढे सीडीवर त्याचा आवाज आणि पाठोपाठ त्याचा माउथ ऑर्गन ऐकल्यावर एखाद्या जुन्या घरात अचानक आणखी एक खोली सापडावी तसे झाले. म्हणून 'लेझी' पहिले. 'स्पेस ट्रकिन' माझ्या कॅसेटवर नव्हतेच. ते माझ्या आयुष्यात उशिरा आले आणि आजही माझ्या यादीत सातवे आहे. हा अन्याय आहे हे मान्य.

ठाणे, गिटार शिक्षक

'स्मोक ऑन द वॉटर'ला मी दीर्घकाळ शेवटचा क्रमांक देत असे. वाद्यांच्या दुकानात गिटार हातात घेणारा प्रत्येक जण तेच वाजवतो, आणि बहुतेक जण एकाच तारेवर, पिकने म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने आणि घाईत वाजवतात. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर मात्र दोन तारा बोटांनी एकदम छेडतो. त्या दोन स्वरांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते, आणि त्या तुकड्याचा भारदस्तपणा त्यातूनच येतो. शिकवायला लागल्यावर हे विद्यार्थ्यांना शंभर वेळा दाखवावे लागले आणि दाखवता दाखवता माझेच मत बदलले. शिवाय त्याचे शब्द म्हणजे सरळ बातमी आहे. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे अमेरिकन संगीतकार फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात कोणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचा पेटता बार, उडवला आणि ज्या कॅसिनोत डीप पर्पलचे ध्वनिमुद्रण व्हायचे होते, तोच जळून गेला. सरोवरावर पसरलेला धूर बँडने समोरून पाहिला. शीर्षक बँडचा बास गिटारवादक रॉजर ग्लोव्हरला त्यानंतर झोपेतून जागे होताना सुचले. आज माझ्याकडे हे गाणे दुसरे आहे. पहिले 'हायवे स्टार', त्याविषयी वाद नको.

लोझान, मूळच्या साताऱ्याच्या

माँत्रो माझ्या घरापासून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत आहे. पहिल्या वर्षी डिसेंबरात तिथे एकटीच गेले होते. हंगाम संपलेला, सरोवराकाठी तुरळक माणसे, आणि समोर बर्फाने झाकलेले डोंगर, जे आपल्या डोंगरांसारखे मुळीच नव्हते. कानात 'पिक्चर्स ऑफ होम' चालू होते आणि ते एकाकी डोंगरावरचे गाणे प्रथमच नीट कळले. कॅसिनो गेल्यावर बँडने आधी पॅव्हिलियन या सभागृहात काम सुरू केले, परंतु आवाजाच्या तक्रारींमुळे पोलीस आले. मग हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या थंडगार मार्गिकांमध्ये, गाद्या उभ्या करून, त्यांनी ध्वनिमुद्रण केले. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे यंत्रसामग्रीचा ट्रक, बाहेर उभा होता. तिथे पोहोचायला खोल्या आणि बाल्कन्या ओलांडाव्या लागत, तेव्हा वाजवलेले परत ऐकायला जाणे त्यांनी जवळजवळ सोडूनच दिले. इयन पेसच्या ड्रम्सने होणारी या गाण्याची सुरुवात ऐकताना ती रिकामी मार्गिका मला दिसते. पहिला क्रमांक निर्विवाद. बाकीच्या सहांचा क्रम मी लावत नाही.

सांगली

आमच्या घरात पेटी होती, रॉक नव्हते. मी 'लेझी' लावले तेव्हा बाबा वर्तमानपत्र वाचत होते. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन, तोही गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढलेला, त्यामुळे खरखरीत, करवतीसारखा. बाबा तो थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "पेटीवाला तयारीचा आहे रे, पण पेटीला सर्दी झालेली दिसते." त्या दिवसापासून आमच्याकडे लॉर्डला पेटीवालाच म्हणतात. पुढे 'हायवे स्टार'मधील गिटारचा एकल भाग आला. त्यामागची स्वरसंगतींची चाल जुना जर्मन संगीतकार बाख याच्या धाटणीची आहे, आणि बाबांनी तोंडाने 'हे कसले' म्हणत बोटांनी मात्र ठेका धरला होता. क्रम: 'लेझी', 'हायवे स्टार', आणि बरेच खाली उरलेले.

पुणे, ड्रमवादक

मी आधी तबला शिकलो, म्हणून 'मेबी आय'म अ लिओ' पहिले. त्याचा मुख्य तुकडा पहिल्या मात्रेवर सुरू होतच नाही. ग्लोव्हरला ही कल्पना जॉन लेननच्या एका गाण्यावरून सुचली होती. महाविद्यालयातील आमच्या पहिल्या तालमीत चौघेही चार वेगवेगळ्या ठिकाणी समेवर आलो आणि प्रत्येकाला आपलीच सम खरी वाटत होती. 'नेव्हर बिफोर' सातवे. पहिले सिंगल, म्हणजे अल्बममधून वेगळी काढलेली छोटी तबकडी, म्हणून बँडने तेच निवडले होते, यावरून कलावंतांना आपले उत्तम काम नेहमी ओळखता येतेच असे नाही, एवढेच म्हणतो.

मडगाव

आठवे गाणे चालेल का? 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' याच दिवसांत माँत्रोला ध्वनिमुद्रित झाले, परंतु ते ब्लॅकमोरला आवडत नव्हते. त्यामुळे ते अल्बममध्ये न येता 'नेव्हर बिफोर'च्या मागच्या बाजूला गेले आणि १९९७ च्या नव्या आवृत्तीत परतले. मी ती सीडी घेतली तेव्हा वडील रुग्णालयात होते आणि रात्री बाकावर बसून मी हे एकच गाणे ऐकत असे. धागाकर्त्यांनी नियमावर बोट ठेवले, तर 'नेव्हर बिफोर'ला काढून तिथे हे बसवावे; पुण्याच्या ड्रमवादकांची हरकत नसावी.