‘सिक लिहू नका, सुट्टी लिहा’ : कामगार-वादाच्या काळातील आजारपणाचे अनुभव

टाइम ऑफिस, बेळगाव (धागा काढणारा)

बेळगावच्या एका फाउंड्रीत मी एकोणीस वर्षे हजेरीचे काम पाहतो. कोण आले, कोण आले नाही आणि न आलेल्याची रजा कोणत्या खात्यात टाकायची, एवढाच माझा अधिकार. तीन वर्षांपूर्वी आमचा वेतनकरार संपला आणि नवा करार आठ महिने लटकला. त्या आठ महिन्यांत मस्टरवर मी जे पाहिले ते लिहावे आणि तुमचेही अनुभव ऐकावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्याकडे संप झाला नाही. गेटवर सभा झाल्या, काळ्या फिती लागल्या, आठवडाभर कॅन्टीनच्या जेवणावर बहिष्कार पडला, पण भट्टी एक दिवसही थंड झाली नाही. मात्र आजारपणाच्या ज्या चिठ्ठ्या पूर्वी महिन्याला चार-पाच येत, त्या चौथ्या महिन्यापासून इतक्या येऊ लागल्या की मला त्यांच्यासाठी वेगळी फाइल करावी लागली. कोणाची पाठ, कोणाचे पित्त, कोणाचा रक्तदाब, आणि ‘झोप लागत नाही’ अशी तक्रार तर पंचविशीतल्या पोरांचीसुद्धा होती. त्यातच नोटीस लागली की वादाच्या काळातील प्रत्येक आजारी रजेची छाननी होईल. नोटीस कन्नडमध्ये होती. आमच्यातल्या निम्म्यांना ती नीट वाचता येत नसल्याने कोणीतरी मराठीतून सांगायचा, आणि प्रत्येक सांगण्यात ती थोडी अधिक कडक होत जायची. तिसऱ्या पाळीपर्यंत ‘आजारी पडलात तर नोकरी गेली’ इथवर मजल गेली होती.

फेटलिंगचा, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या विभागाचा, एक मेस्त्री एका सकाळी माझ्या खिडकीशी आला. काही न बोलता त्याने गजांतून हात आत घातला आणि माझ्या मनगटावर ठेवला, म्हणजे ताप मला कळावा. हात तव्यासारखा तापला होता. मग म्हणाला, “सिक लिहू नका साहेब, सुट्टी लिहा.” व्यवस्थापनाची धास्ती होतीच, पण त्याहून त्याला युनियनमधल्या सोबत्यांची भीती वाटत होती, कारण ऐन लढ्यात जो घरी बसतो तो पळाला, असे गेटवरच्या सभेत बोलले गेले होते. आजारी माणसाला दोन्हीकडून ढोंगी ठरवले गेले की तो आजार लपवतो आणि लपवलेला आजार वाढतो, असे माझे मत झाले आहे. तुमच्याकडे काय घडले?

परिचारिका, खासगी रुग्णालय

दादा, मी आधी कबुली देते. बारा तासांच्या ड्यूटीवरून आणि थकलेल्या पगारावरून आमचे वाजले तेव्हा आम्ही सात जणींनी एकाच दिवशी ‘ताप’ कळवला होता. ताप कोणालाच नव्हता. सुपरिंटेंडेंटबाईंना ते आमच्या आवाजावरूनच कळले असणार, कारण त्यांनी एकीलाही औषध काय घेतलेस असे विचारले नाही.

पण पुढचे सांगते. आम्ही परत आल्यावर ज्या हजर राहिल्या होत्या त्यांनी आमच्याशी बोलणे टाकले. त्या सोळा-सोळा तास उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीला पंधरवड्यात नागीण उठली, कमरेपासून पोटापर्यंत, आणि लुगडे टेकले तरी ती कळवळायची. अंगातली प्रतिकारशक्ती खचली की ही नागीण डोके वर काढते, हे आम्हा नर्सांना शिकवलेले असते. तिने रजा मागितली तर उत्तर आले की आता आणखी एक ताप नको. आमच्या खोट्या तापाची किंमत तिच्या खऱ्या दुखण्याने मोजली. मी तिची माफी मागितली आहे, पण ती अजून मला ‘अगं’ म्हणत नाही, ‘सिस्टर’ म्हणते.

तुमच्या त्या मेस्त्रीच्या नावापुढे तुम्ही शेवटी काय लिहिलेत?

पॅनमन, साखर कारखाना, चिकोडी तालुका

आमच्याकडे चित्र उलटे आहे. कारखान्याचे नाव सांगत नाही. पाच महिन्यांचा पगार थकला होता, तरी हंगाम चालू असताना पॅनवर, म्हणजे रस आटवून साखर करतात त्या भांड्यावर, कोणी आजारी पडले नाही. ऊस गव्हाणीत पडत असतो, रस थांबत नाही, पाक कधी उतरवायचा हे डोळ्यांनी ठरवावे लागते. अशा वेळी माणूस स्वतःकडे पाहतच नाही. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि पंधरा दिवसांत आमच्या पाळीतले तिघे दवाखान्यात होते.

हंगामी कारखाने ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) १९४८ च्या कायद्यातून वगळलेले होते आणि हंगामी या शब्दात साखरही येत होती. त्यामुळे आजारी पडलो तर आजारपणाचा भत्ता हा विषयच आम्हाला माहीत नाही. पगार थकल्यावर घरात पहिली कपात कशावर होते, तर घरधन्याच्या औषधावर. मुलांची फी आणि किराणा दुकानाची उधारी आधी, मग गोळ्या. रक्तदाबाची रोजची गोळी मी दिवसाआड घेऊ लागलो आणि हिला कळू नये म्हणून रिकामे पाकीट वेळेवर टाकून देत असे. एका संध्याकाळी गेटवरच्या धरण्यात बसलो असताना जिभेला जडपणा आला. सोबत्यांनी मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून मिरजेला नेले आणि थोडक्यात निभावले. हा आजार कोणत्याच मस्टरवर नाही, कारण त्या दिवशी मी कामावर नव्हतो आणि रजेवरही नव्हतो.

विडी कामगार, निपाणी (सुनेने लिहून दिले)

सासूबाई म्हणतात, आम्हाला सिक कुठली आणि मेडिकल कुठले? हजार विड्यांवर मजुरी, मांडीवरचे सूप खाली ठेवले की मजुरी बंद. दराचा वाद पेटला तेव्हा कारखानदाराकडून छाट वाढली, म्हणजे चांगल्या विड्याही खराब म्हणून बाजूला पडू लागल्या, आणि तेवढी पाने घरून भरायची वेळ आली. तेव्हा बायका रात्री अकरापर्यंत वळत बसायच्या. खोकला सगळ्यांनाच होता, त्यामुळे तो आजार म्हणून कोणी धरला नाही.

वाहक, आता निवृत्त

एप्रिल २०२१ मध्ये सहाव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार मिळावा म्हणून कर्नाटकात राज्यभर परिवहन कामगारांचा संप झाला आणि तो सुमारे पंधरा दिवस चालला. आजारपणाचे म्हणाल तर तो करोनाच्या दुसऱ्या लाटेचा महिना होता; कोणाला खरेच काय झाले आणि कोण चिंतेने खंगला, हे वेगळे काढता येणार नाही. मला सलते ते नंतरचे. संपात ड्यूटीवर गेलेला माझा चालक आणि मी एकाच गाडीवर पुन्हा आलो तेव्हा बेळगाव ते खानापूर आम्ही एक शब्द बोललो नाही. घंटी मारायची आणि गाडी थांबायची, एवढाच संबंध. आठ महिन्यांनी तो बदली घेऊन गेला. त्या आठ महिन्यांत मला अल्सर झाला, हे मी डॉक्टरांना सांगितले, पण कशामुळे ते सांगितले नाही.

निवृत्त कार्मिक अधिकारी

येथे व्यवस्थापनाच्या बाजूने कोणीतरी लिहिले पाहिजे, म्हणून लिहितो. वादाच्या काळात आजारी रजेवरील कामगारांच्या घरी जाऊन पाहणी करण्याचे काम माझ्याकडे होते. खानापूर तालुक्यात एका दिवसात मी दोन घरे पाहिली. पहिला ‘कंबरदुखीचा’ गृहस्थ गुडघाभर चिखलात भाताची रोपे लावत होता आणि मला पाहून त्याने आधी कंबर धरली, मग तोही हसला आणि मीही. दुसरा सोप्यात घोंगडीवर पडलेला होता, डोळे हळदीसारखे पिवळे. त्याच्या आईने मला बसायला पाट दिला आणि विचारले, “कारखान्याकडून पैसे घेऊन आलासा व्हय?”

परत येऊन मी दोघांचा अहवाल एकाच छापील नमुन्यावर दिला. पहिल्यामुळे दुसऱ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. वास्तविक दाखल्याविषयी शंका असेल तर ईएसआयच्या मेडिकल रेफरीकडे प्रकरण पाठवता येते. आजार आहे की नाही हे डॉक्टरने ठरवायचे, जीपमधून आलेल्या माणसाने नव्हे. हे मला तेव्हाही माहीत होते. जीप पाठवली की बाकीचे शंभर जण घाबरतात, हाही हिशेब त्यात होता आणि मी त्याला विरोध केला नाही.

टाइम ऑफिस, बेळगाव

सर्वांचे आभार. काकांनी मेडिकल रेफरीचा विषय काढला, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आमच्याकडे सर्वांत मोठा घोटाळा याच जागी झाला. आमच्या वादाच्या वेळी लागू असलेल्या ईएसआय कायद्याच्या ६३ व्या कलमात असे होते की ज्या दिवशी माणूस संपावर असेल त्या दिवसाचा आजारपणाचा भत्ता त्याला मिळत नाही. गेटवर याचा अर्थ ‘वाद चालू आहे तोवर भत्ता बंद’ असा लावला गेला, आणि संप झालाच नसताना माणसे दवाखान्यात दाखला घ्यायला गेली नाहीत. प्रत्यक्षात पगार २१,००० रुपयांच्या मर्यादेत असेल आणि वर्गणीचे दिवस भरले असतील तर पगाराच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत भत्ता मिळू शकतो; पहिले दोन दिवस तेवढे कोरडे जातात. आणखी एक सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार निम्मे किंवा त्याहून अधिक कामगार ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले तर तो संप धरला जातो. परिचारिका ताई, तुमचा सात जणींचा ताप कोणत्या रजेत बसला असता, याचा विचार आता कोणी करू लागले तर आधी एखाद्या वकिलाला विचारावे.

तुम्ही विचारलेत, मेस्त्रीच्या नावापुढे मी काय लिहिले. त्याने सांगितले तेच लिहिले. शिल्लक रजा संपलेली असल्यामुळे ते सहा दिवस बिनपगारी गेले. पहिले दोन दिवस वगळून चार दिवसांचा भत्ता त्याला मिळाला असता, फक्त दाखला आणायला हवा होता, आणि हे त्या सकाळी खिडकीतून मी त्याला सांगू शकलो असतो.