मदत हवी आहे: रास्पबेरी पाय ५ ला लावलेली पोर्टेबल हार्ड डिस्क टकटक करून डिस्कनेक्ट होते

निळीशाई:
नमस्कार मंडळी. घरचे फोटो-व्हिडिओ एका जागी ठेवायला रास्पबेरी पाय ५ या एका बोर्डाच्या छोट्या संगणकावर सर्व्हर केला आहे. त्याच्या निळ्या यूएसबी पोर्टात २ टीबीची अडीच इंची हार्ड डिस्क आहे. डिस्कला वेगळा अडॅप्टर नाही, वीज केबलमधूनच. लावल्यावर ती फिरू लागते, दोन-तीनदा टकटक वाजते आणि थांबते. माउंट झालीच (म्हणजे वापरायला दिसलीच), तर मोठी फाइल कॉपी होताना गायब होते. तीच डिस्क त्याच केबलने लॅपटॉपवर नीट चालते. पायचा चार्जर ५ व्होल्ट ३ अँपिअरचा आहे, डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्ट १ अँपिअर छापलंय. डिस्क बिघडली म्हणायची का?

पाच_व्होल्ट:
लॅपटॉपवर चालते आहे, म्हणजे आधी चार्जर बघा. पाय ५ सुरू होताना चार्जर ५ व्होल्टला ५ अँपिअर देऊ शकतो का हे तपासतो. देत नसेल तर चारही यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअरची मर्यादा घालतो. ५ अँपिअरचा चार्जर मिळाला की हीच मर्यादा १.६ अँपिअर होते. तुमचा कीबोर्ड-माउस लावलेला असेल तर तोही त्या ६०० मध्येच धरा.

अडीच इंची डिस्कचा सगळ्यात मोठा भार सुरुवातीलाच असतो. थांबलेली तबकडी पूर्ण वेगाला आणताना काही सेकंद १ अँपिअरच्या आसपास लागतो, नंतर वाचता-लिहिताना साधारण त्याच्या निम्मा. वीज कमी पडली की मोटर वेग गाठत नाही, हेड (तबकडीवर वाचणारा-लिहिणारा भाग) मागे जातं, डिस्क पुन्हा प्रयत्न करते. ती टकटक याचीच.

लॅपटॉपवर का चालते? नियमाने यूएसबी २ पोर्टाला ५०० आणि यूएसबी ३ ला ९०० मिलिअँपिअर, पण बरेच लॅपटॉप थोडा वेळ त्याहून जास्त खेचू देतात.

निळीशाई:
लॅपटॉपचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर पडून आहे, तो चालेल का? आणि पायच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये एक ओळ टाकून मर्यादा काढता येते असं वाचलं.

पाच_व्होल्ट:
त्या चार्जरचा उपयोग नाही. त्याचे ६५ वॉट २० व्होल्टवर आहेत. पाय घेतो ५ व्होल्ट, आणि तिथे हे चार्जर सहसा ३ अँपिअरच देतात. पाय ५ चा २७ वॉटचा अडॅप्टर मिळतो (५.१ व्होल्ट, ५ अँपिअर), तोच घ्या.

ओळ म्हणजे 'यूएसबी मॅक्स करंट एनेबल' = १, शब्दांमध्ये अंडरस्कोर. तिने बंधन उठतं, पण चार्जर ३ अँपिअरचाच राहतो. डिस्क फिरताना प्रोसेसरवरही काम असेल तर बोर्डाचं व्होल्टेज घसरतं आणि मग डिस्कसोबत मेमरी कार्डावरचा डेटाही धोक्यात येतो. ३ अँपिअरच्या चार्जरवर ती ओळ टाकू नका.

कळफलक:
केबलही बघून घ्या. वेष्टणावर बारीक अक्षरात '२८एडब्ल्यूजी/१पी २४एडब्ल्यूजी/२सी' असं काही छापलेलं असतं. एडब्ल्यूजी म्हणजे तारेच्या जाडीचं माप, गेज. '२सी'च्या आधीचा आकडा विजेच्या तारांचा, आणि तो जितका लहान तितकी तार जाड. २८ गेजच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम रोध असतो. १ मीटरच्या केबलमध्ये जाण्या-येण्याचे मिळून ०.४३ ओहम, म्हणजे १ अँपिअरला ०.४३ व्होल्ट वाटेतच गेले. डिस्कपाशी उरतात जेमतेम ४.५७. २४ गेजमध्ये हीच घट ०.१७. केबल शक्यतो अर्ध्या मीटरच्या आतली, एक्स्टेन्शन नको.

डिस्कच्या रुंद सॉकेटात फोनची जुनी मायक्रो केबलही बसते. तशी लावली असेल तर काढा, ती यूएसबी २ ची आहे.

अडॅप्टर बदलायचा नसेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा) हा दुसरा चांगला मार्ग. अडॅप्टर नसलेला हब तेच ६०० मिलिअँपिअर वाटून देतो. हब घेतल्यावर एक चाचणी न चुकता करा: पायचा चार्जर काढून ठेवा, फक्त हब जोडा आणि हबचा अडॅप्टर चालू करा. पायवरचा दिवा लागला तर हब उलटी वीज ढकलतो आहे. तो परत करा. दोन प्लगांची वाय केबल इथे निरुपयोगी, कारण मर्यादा सगळ्या पोर्टांची मिळून आहे.

पाच_व्होल्ट:
हबच्या मुद्द्याला दुजोरा. पुढे साडेतीन इंची डिस्क घ्यायचा विचार असेल तर तिच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, ती अडॅप्टरवाल्या केसमध्येच (डिस्कच्या बाहेरच्या डब्यात).

नवा अडॅप्टर आल्यावरही डिस्क कॉपीच्या मधेच गेली, तर कर्नलचा लॉग (सिस्टिमच्या गाभ्याने ठेवलेली नोंद) बघा. तिथे 'यूएएस'च्या (यूएसबीवरून डिस्कशी जलद बोलायची पद्धत) नावाने एरर दिसत असतील तर अडचण विजेची नसून केसमधल्या चिपची असू शकते. त्या चिपपुरतं यूएएस बंद करावं लागेल.

तोवर डिस्क पायला लावू नका. लॅपटॉपवर लावून महत्त्वाच्या फायली आधी दुसरीकडे घ्या, मग स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचे) आकडे काढा. १९२ क्रमांकाचा आकडा वीज अचानक गेल्याने हेड किती वेळा मागे आलं ते सांगतो. तो वाढलेला असणारच, त्याने घाबरू नका. १९७ शून्य नसेल तर मात्र डिस्कचे काही सेक्टर (डेटा साठवायचे छोटे भाग) वाचता येत नाहीत. तो आकडा इथे टाका, पुढचं बघू.