मदत हवी आहे: निवारागृहातल्या मुलांची शाळा बदलताना पत्ता गुप्त कसा ठेवायचा?

जळगाव-धुळ्याकडे आईसोबत निवारागृहात आलेल्या मुलांसाठी विचारतोय. जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५ त्याबाबत स्पष्ट आहे. खरी अडचण पुढे येते. नवी शाळा ऑनलाइन बदलीची विनंती टाकते, जुन्या शाळेला तिचं नाव दिसतं, आणि खेड्यात ते बापापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. शाळा सुटताना फाटकावरच धोका! कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली तात्पुरत्या ताब्याचा आदेश मिळेपर्यंत विनंती थांबवावी का? तोवर पुस्तकं, पोषण आहार अडतो का? गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून गुप्तता राखून बदली कुणी करून घेतली असेल तर अर्जाचा मसुदा द्या.

आणखी एक: अहिराणी बोलणारं लेकरू नव्या वर्गात गप्प बसलं, तर ती भीती की भाषा, कसं ओळखता?

उत्तरात मुलांची, निवारागृहांची नावं कृपया नकोत.