इम्प्लांटच्या हिरडीतून रक्त येते, पण दुखत नाही. दाखवायला हवे का?

प्रश्न (कोथरूड):
माझ्या बाबांचे वय 68 असून त्यांना मधुमेह आहे. 2018 मध्ये त्यांनी खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून त्यावर लावलेला कृत्रिम दात) बसवून घेतले. गेले दोन महिने ब्रश करताना त्याच्या कडेने रक्त येते, पण दाढ हलत नाही आणि ठणकतही नाही. "खोट्या दाताला कीड लागत नाही, मग डॉक्टरकडे कशाला?" असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे कितपत बरोबर आहे?

उत्तर (हिरड्यांचे डॉक्टर, पुणे):
कीड लागत नाही हे खरे आहे. हिरडी आणि हाड मात्र त्यांचे स्वतःचेच आहे. नैसर्गिक दाताचे मूळ बारीक तंतूंनी हाडाला बांधलेले असते, तर इम्प्लांटच्या टायटॅनियमच्या स्क्रूला हाड थेट चिकटते. स्वीडनच्या ब्रेनेमार्क यांनी 1965 मध्ये याच गुणाच्या आधारे पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. पण तंतू नसल्यामुळे तिथे जंतूंना अडवणारी हिरडीची पकड सैल असते आणि सूज हाडापर्यंत लवकर पोहोचते. वरचे बरेचसे हाड झिजले तरी खालचे उरलेले हाड स्क्रू घट्ट धरून ठेवते, म्हणून "हलत नाही" यावर विसंबू नका. इम्प्लांट हलू लागते तेव्हा बहुधा ते वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते.

केवळ हिरडी सुजली असेल, तर नीट सफाईने ती पूर्ववत होऊ शकते. गेलेले हाड मात्र सहसा पूर्ण परत येत नाही. यांपैकी काय झाले आहे हे कळण्यासाठी इम्प्लांट आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली मोजून एक्स-रे काढावा लागतो आणि तो कॅप (स्क्रूवरचा दात) बसवली तेव्हाच्या एक्स-रेशी ताडून पाहावा लागतो. पहिल्या वर्षी हाड थोडे उतरणे अपेक्षित असते. त्यानंतरची घट चिंतेची. जुना एक्स-रे मिळाला नाही, तर 6 मिलिमीटर किंवा अधिक खोली, रक्तस्राव आणि 3 मिलिमीटर किंवा अधिक हाड गेलेले दिसणे, यांवरून निदान करतात. साखर ताब्यात नसेल किंवा तंबाखू, मिश्री चालू असेल, तर धोका वाढतो. पूर्वीचे दात हिरडीच्या आजाराने पडले होते का, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

उत्तर (सहकारनगर):
माझ्याही बाबतीत दुखत नव्हते, म्हणून मी वर्षभर थांबलो. तपासणीत कॅप चिकटवताना उरलेले सिमेंट हिरडीखाली सापडले आणि तोवर हाड बरेच खाली गेले होते. पुढे हिरडी उघडून सफाई करावी लागली. आता रात्री दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश फिरवतो, त्याची तार प्लास्टिकच्या आवरणाची आहे ना हे पाहूनच घेतो, आणि दर चार महिन्यांनी दाखवतो. एक वर्ष वाया घालवल्याचे मला आजही वाईट वाटते. आपण तसे करू नका.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. 2018 चा एक्स-रे कपाटातल्या फाइलमध्ये सापडला. बाबांना दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. गुरुवारची वेळ घेतली आहे आणि त्याआधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणीही करून घेत आहोत.